वहिनींनी मारलेली गाठ

संध्याकाळी आमच्या घरी एक मालिका लागते. मी ती आवडीनं बघतो आणि हे सांगायला आता मला लाज वाटत नाही. तिच्यात घरातली एक मोठी बाई आहे आणि एक नवी सून. सून गॅस बंद करून जाते, मोठी बाई तो पुन्हा चालू करते. सून किल्ल्या खुंटीला लावते, मोठी बाई त्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवते आणि मग चारचौघांत विचारते. असं करत करत सुनेला आपल्याच डोक्याचा संशय येऊ लागतो. परवाच्या भागात तिनं गॅसचं बटण बघितलं, दारापर्यंत गेली, परत येऊन बघितलं, पुन्हा दारापर्यंत गेली आणि पुन्हा परतली.

माझी नातसून शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "आबा, असं कुठं असतंय का? एवढी शिकलेली बाई. किल्ल्या हरवल्या म्हणून सोताला येडी समजंल व्हय?"

"समजंल," मी म्हणालो.

"तुमी नेहमी सिरियलवाल्यांचीच बाजू घेता."

ती हसली, मीही हसलो. पण ज्यानं कुणी तो प्रसंग लिहिला त्याला मी मनातून मानलं. दारापर्यंत जाऊन परत येणं हे त्यानं कुठंतरी डोळ्यांनी बघितलेलं असणार. मीही बघितलंय. तेव्हा घरात टीव्ही नव्हता, गॅसही नव्हता, आणि बटण फिरवणारा हात माझा होता.

आमच्या भावकीत एक गोष्ट माझ्या तरुणपणापासून सांगितली जाते. थोरल्या वहिनींच्या डोक्यावर पहिल्या बाळंतपणानंतर थोडा परिणाम झाला होता, आत्यानं त्यांना मायेनं सांभाळलं आणि त्या बऱ्या झाल्या. ही गोष्ट खोटी आहे. दादा गेला, आत्या गेली, वहिनीही गेल्या. ती खोटी आहे हे जाणणारा आता मी एकटाच उरलो आहे.

त्यातच वहिनींच्या थोरल्या मुलीचा, माझ्या पुतणीचा, फोन आला. ती इंदापूरला असते आणि तिची सत्तरी जवळ आली आहे. म्हणाली, "काका, चष्मा कुठं ठेवते तेच आठवत नाही हल्ली. आईचं येड माझ्यात उतरलंय बघा." बोलली हसत, पण ती घाबरली आहे हे मला कळलं. ज्या येडाला ती घाबरते आहे, ते तिच्या आईला कधी नव्हतंच.

पणदऱ्याच्या अलीकडे कालव्याच्या पाण्यावर आमची जमीन. आजोबांपर्यंत आमच्याकडे मेंढरं होती. पाणी आलं, ऊस आला आणि कळप गेला. आत्याला मेंढरांचा विषय निघालेलाही खपायचा नाही. "आता आपून बागाईतदार," असं ती पाहुण्यांना मुद्दाम ऐकवायची. वहिनी मात्र इंदापूरच्या पलीकडच्या माळावरच्या. त्यांच्या वडिलांचा कळप तेव्हाही फिरता होता. लग्नानंतर त्या गोठ्यात जनावरांशी जिभेनं टकटक आवाज काढत बोलायच्या, आणि आत्या तोंडाला पदर लावून हसायची.

आत्या म्हणजे वडिलांची बहीण. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. आत्या लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती. आमची आई गेली तेव्हा मी अजून रांगत होतो. मला आत्यानंच वाढवलं. ती वाईट बाई नव्हती, हे मी इथं लिहिलं नाही तर हेही खोटंच होईल. मला ताप आला की ती माझ्या उशाशी बसून राहायची. स्वयंपाकघर, दूधदुभतं, आला-गेला हेच तिचं राज्य होतं आणि त्याच्याबाहेर तिला काही नव्हतं.

वहिनींना मुलगी झाली. त्या बाळंतपणातून उठून कामाला लागल्या, आणि एके दिवशी आत्याला बरं नव्हतं म्हणून त्यांनी गाईची धार काढली. चरवी नेहमीपेक्षा भरून आली. तात्या सहज म्हणाले, "आक्का, आता धारा सूनबाईकडंच दे. गाय तिला जादा पान्हावती."

त्या दिवशी आत्या जेवली नाही. पोट जड आहे म्हणाली.

मग एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. मी तेव्हा मॅट्रिकला होतो, सायकलवरून बारामतीला जायचो आणि केसांना चमेलीचं तेल लावायचो. ते तेल बाजारातून आत्याच आणवून घ्यायची. "तेल लावलं की माझं पोरगं कसं सायबावाणी दिसतंय," असं म्हणायची. त्या दुपारी ती म्हणाली, "धारंच्या आधी वासराचं दावं जरा सोड. बघू दे हिचा पान्हा किती हाय त्यो."

मी हसलो. गंमत वाटली मला. वहिनींनी बांधलेली गाठ मी सोडली. वासरू सगळं दूध पिऊन मोकळं झालं आणि वहिनी रिकामी चरवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. तात्यांनी भुवया चढवल्या, तर आत्याच मध्ये पडली. "तिला कुणी काय बोलू नका. वल्या बाळंतिणीचं ध्यान कुठं थाऱ्यावर असतंय?"

हीच गोष्ट मालिकेत बरोबर येत नाही. तिथली मोठी बाई डोळे बारीक करते आणि मागं ढोल वाजतो. आमच्या घरी ढोल वाजला नाही. आत्या एकदाही रागावली नाही. पुढं आमटीत दुप्पट मीठ पडलं, बाळाचं टोपडं सरपणात सापडलं, वासरू तर सारखंच सुटायला लागलं. दर वेळी आत्या वहिनींच्या गालावरून हात फिरवायची. "दमलीस गं पोरी. तुजं तुला कळंना झालंय." मीठ मी टाकायचो, टोपडं मी लपवायचो आणि माया आत्या करायची. हळूहळू घरातले सगळे वहिनींशी सावकाश बोलायला लागले, लहान मुलाशी बोलावं तसे. दादासुद्धा.

वहिनी गाठ मारायच्या, गोठ्याच्या दारापर्यंत यायच्या, परत जाऊन गाठ चाचपायच्या. पुन्हा दारापर्यंत यायच्या. एकदा त्यांनी मला थांबवलं.

"भावजी, तुमी हितंच व्हता न्हवं? मी गाठ मारली व्हती का वो?"

मी म्हणालो, "न्हाय वैनी. मी बघितलं ना. तुमी तशाच गेला."

हे मला आत्यानं सांगितलेलं नव्हतं. ते माझं मीच बोललो. वहिनींनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली आणि दुसऱ्याच कुणाची असावीत तशा त्यांच्याकडं बघत राहिल्या.

मग आत्यानं तात्यांसमोर विषय काढला. "आज वासरू इसरली. उद्या लेकरू पाटाच्या काठाला ठिवून इसरंल. मग?" पाट भरून वाहत होता तेव्हा. ठरलं असं की वहिनींनी डोकं निवळेपर्यंत माहेरी जावं आणि मुलीनं इथं आत्याजवळ राहावं, गाईच्या दुधावर. इंदापूरला निरोप गेला. दादा खाली मान घालून उसाच्या वाड्याची, जनावरांना घालायच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी बांधत बसला होता.

वहिनींचे वडील यायच्या दिवशी सकाळी मी सायकल काढायला गोठ्यात गेलो. वहिनी वासराचं दावं हातात घेऊन उभ्या होत्या.

"भावजी, हिकडं या. हे हुंगा."

मी हुंगलं. "शेणाचा वास हाय."

"आनि?"

मी सायकलीकडं वळलो.

"चमेली," त्या म्हणाल्या. "ह्या घरात चमेली कोन लावतं वो?"

मला वाटलं आता ओरडतील, तात्यांना हाक मारतील. त्या वैरणीच्या भाऱ्यावर बसल्या आणि वासराच्या कपाळावर हात ठेवून त्यालाच म्हणाल्या, "मी येडी न्हाय रं." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा मात्र उजळला होता. इतक्या दिवसांत त्यांचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या आज्याचा कळप व्हता ना? मग तुमाला ठावं पायजे. मेंढीचं कोकरू मेलं की माझे वडील त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर घालत्यात. मेंढी हुंगती. वास आपल्याच लेकराचा. मग ती त्याला पाजती. फसवत्यातच तिला. पर ते पोरकं जगावं म्हून. तुमी कुनाला जगवाय केलं, भावजी?"

मी सायकलची तार पुसायला लागलो.

"आत्याबाईंचं नाव मी काडनार न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या तुमची आई हायती. मला माजं लेकरू पायजे. कसं ते तुमी बगा." आणि त्या घमेलं उचलून शेण भरायला लागल्या.

थोड्या वेळानं त्यांचे वडील आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ओसरीवर चहा झाला. आत्या बाळ मांडीवर घेऊन बसली होती आणि वहिनी चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांचं गाठोडं त्यांनी बांधलेलंच नव्हतं. तोपर्यंत मी आयुष्यात तात्यांसमोर आपण होऊन बोललो नव्हतो.

"तात्या, त्या वासराचं दावं झिजलंय. गाठ ऱ्हात न्हाय त्येला. काल मी बांधलं तर माजंबी सुटलं. वैनींचा काय दोष न्हाय."

"मग इतके दिस त्वांड शिवलं व्हतं का?" तात्या म्हणाले. "सायकलीची तार न् तार पुसतोस, आन दावं दिसत न्हाय व्हय रं तुला?"

आत्या माझ्याकडं बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "आन आमटीतलं मीठ? त्येबी दाव्यानंच टाकलं का?"

"मी टाकलं, आत्या. वैनींनी टाकल्यालं मला ठावं नव्हतं."

वहिनींच्या वडिलांनी दावं मागवलं. ते चांगलं दणकट होतं, त्या दाव्यानं बैल आवरला असता. त्यांनी ते बोटांतून सरकवलं, दोन्ही हातांनी ताणलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "व्हय. झिजलंय." मग माझ्या डोक्याकडं बघून, "पाव्हनं, तेल मातुर झ्याक लावता हां."

मी मान वर केली नाही. आत्या उठली आणि तिनं बाळ वहिनींच्या हातात दिलं. "घे गं. भुकेजलीय ती." वहिनी तिथंच चौकटीत बसून मुलीला पाजू लागल्या. त्यांचे वडील एकटेच परत गेले.

त्यानंतर वासरू कधी सुटलं नाही. पण मी बोललो ते अर्धंच होतं. दाव्यावर ढकलून मी स्वतःला वाचवलं आणि 'बाळंतपणात जरा बिघडलं होतं' हे बोलणं गावात फिरत राहिलं. वर्षांनुवर्षं लग्नाकार्यात कुणीतरी ते काढायचं. वहिनी पंगतीत वाढत असायच्या. त्या पदर सावरून पुढच्या पानाकडं जायच्या. एकदाही त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आणि एका नजरेनं त्या मला उघडं पाडू शकल्या असत्या.

आत्या म्हातारपणी खरोखरच विसरायला लागली. दिवसातून कितीदा विचारायची, "वासरू बांधलं का गं?" दुसरं कुणी असतं तर 'आत्ताच सांगितलं की' म्हणून वैतागलं असतं. वहिनी तिला धरून गोठ्यात न्यायच्या आणि तिचं बोट गाठीवर ठेवायच्या. "बगा आत्याबाई, हाय का न्हाय?" आत्या गाठ चाचपायची आणि निवांत व्हायची. थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. वहिनी पुन्हा न्यायच्या. मी आयुष्यात बरीच मोठी म्हणवणारी माणसं बघितली. एवढं मोठं माणूस मला दुसरं भेटलं नाही, आणि हे मी त्यांना त्यांच्या हयातीत सांगितलं नाही.

काल मी पुतणीला फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. कुठंही दाव्याचं नाव पुढं केलं नाही.

ती म्हणाली, "काका, आई रोज वासरू बांधलं की दावं नाकाला लावायची. शेवटपर्यंत. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. मला वाटायचं, तेवढं येड राहिलंय तिच्यात."

"तपासत व्हती ती," मी म्हणालो. "चमेलीचं तेल मी त्याच दिवशी सोडलं होतं. तरी तपासत व्हती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग माझा चष्मा, काका?"

"तो तूच हरवलास. त्यात कुणाचा हात न्हाय."

"थांबा जरा," ती म्हणाली. फोन तिनं कुठंतरी ठेवला. मी कानाला लावून बसलो. कपाट उघडल्याचा आवाज आला, डबे सरकवल्याचा आला, नातवाला काहीतरी बोलल्याचा आला. मग ती धापा टाकत परत आली.

"सापडला हो. देवघरात, पोथीखाली." आणि लगेच, फार आनंदानं, "मीच ठेवला होता!"