बंबाखू समजून उपटलेलं फूल

मेहकरच्या खाली, पैनगंगेला लागून आमचं वावर आहे. वरचं काळं, नदीच्या अंगाचं रेताड. उन्हाळ्यात त्या रेताडात गवताची काडीसुद्धा तग धरत नाही, म्हणून ते पडीकच सोडलेलं. वरच्या अंगाला वांगी.

वांगीवाल्या घराला एका तणाचा कायम धसका असतो. ते म्हणजे बंबाखू. त्याला धड पान नसतं की हिरवेपणा. जमिनीतून नुसता दांडा वर येतो, त्याला फुलं लागतात, आणि खाली तो वांग्याच्या मुळाला तोंड लावून बसलेला असतो. एक नंबरचा फुकटखाऊ. माझी माय तो दिसला की उपटते, वावराबाहेर नेऊन जाळते आणि वर दोन शिव्या हासडते. दुसऱ्याच्या धुऱ्यावर, बांधावर दिसला तरी सोडत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात तिला रेताडात तसाच दांडा दिसला, बिनपानाचा, वीतभर उंच. तिनं ओढला, निघेना. मग खुरपं घालून मुळासकट वर काढला. मी मोटरीपाशी होतो. तिची हाक अशी आली की मला वाटलं, साप चावला.

धावत गेलो तर माय वाळूत बसलेली, तळहातावर अद्रकीसारखा हिरवट कंद.

"हे बंबाखू नोहे रे," ती म्हणाली. "कोनाच्याच मुळाले धरून नाई. आपलं आपलं जगून राह्यलं होतं, अन् म्या उपटलं."

मी फूल निरखलं. नखाएवढं. हिरवट पाकळ्यांवर जांभळ्या रेघा, मधली पाकळी पांढरी-गुलाबी, आणि तिच्यावर इतकी बारीक झालर की बघतच राहिलो. फोनवर फोटो टाकून शोधलं तर निघालं ऑर्किड, आपल्या रानातल्या औषधी अमरकंदाच्या जातीचं. माझ्या लेखी ऑर्किड म्हणजे लग्नाच्या स्टेजवर लावतात ते, खोक्यातून येणारं. ते इथं, कुणी न पेरता, थेंबभर पाणी नसताना! माझी मतीच गुंग झाली. वांग्यांना आम्ही ठिबक लावतो, खत घालतो, फवारे मारतो, तरी ती रुसून बसतात.

मायला नावगाव नको होतं. तिनं कंद परत खड्ड्यात ठेवला आणि वाळू लोटली.

"येईन का रे थे?"

"येईन नं," मी ठोकून दिलं. मला काय डोंबल ठाऊक!

पावसाळ्यात तिथं काही दिसलं नाही. पुढच्या मे महिन्यातही नाही. वांगी तोडून झाली की माय उगीच खालच्या अंगाला चक्कर मारायची आणि तोंड उतरवून परत यायची. एकदा मी चिडवलं, "माय, एका फुलाचं सुतक किती दिवस धरतं वं?"

ती फणकारली. "ज्यानं कोनाचं काई खाल्लं नाई, त्याले म्या चोर समजून मारलं. अन् तुले हासू येऊन राह्यलं?"



त्यानंतरच्या पावसात तिथं दोन लांबट पानं आली. मायनं भोवती बोराटीच्या काट्या रोवल्या आणि निंदणाऱ्या बायांना तिकडे फिरकू दिलं नाही. हिवाळ्यात पानं वाळून गेली, तशी ती पुन्हा धास्तावली.

यंदाच्या मे महिन्यात भरदुपारी ती मला हाताला धरून घेऊन गेली. रेतीतून दांडा वर आलेला, आणि त्या भट्टीसारख्या उन्हात त्याच्यावर टवटवीत फुलं. एवढीशी वस्तू, पण तिच्यापुढे आवाज चढवायची छाती होईना. मायनं चपला काढून मागे ठेवल्या आणि हात जोडून त्या तापल्या वाळूत उभी राहिली.

"माय, चप्पल घाल वं. पाय भाजतीन."

तिनं फुलावरची नजर काढली नाही.

"थे कवापासून उभं हाये इथं," ती म्हणाली. "म्हनलं का त्यानं, भाजते म्हून?"