पाठकोऱ्या बाई

बाई कंपनीच्या गेटवर नेहमी अर्धा तास आधी यायच्या. साहेबांनी दहाला बोलावलं असलं की साडेनऊला माझ्या स्टुलावर हजर. पर्स पोटाशी धरलेली, ओठ सुकलेले, हात कापताहेत. माझ्या माठातलं पाणी दोन ग्लास प्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना ताप आहे. विचारलं तर म्हणाल्या, "ताप नाही दादा, भीती वाटते. म्हणून तर लवकर येते. वेळेवर आले तर गेटवरूनच परत फिरेन."

एवढं भिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि मी स्वतः भित्रा आहे, म्हणून मला कळतं.

मी वारूळवाडीला मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत वॉचमन होतो. शिक्षण चौथी. गोष्ट सन दोन हजारच्या आसपासची. बाई नारायणगावच्या ज्या शाळेत होत्या ती शाळा जरा वेगळी होती. स्टँडमागच्या पत्र्याच्या खोल्यांतली पोरं घ्यायची आणि नववी ते बारावी शिकवून कॉलेजला जाण्याजोगी करायची. फी पोरांनीच कमवायची. सहा पोरांनी मिळून एका ऑफिसात एक नोकरी करायची, ज्याचा त्याचा वार ठरलेला. पगार कंपनी परस्पर शाळेला द्यायची. पण कंपनीनं एखाद्याला 'उद्यापासून नको' म्हटलं आणि दुसरं ऑफिस मिळालं नाही, तर त्या पोराची शाळाही गेली. कंपन्यांशी बोलून पोरांच्या जागा टिकवायचं काम बाईंचं. या बाईलाच ते का दिलं, कुणाला ठाऊक.

मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "बाई, आत साहेब हायेत, बिबट्या न्हाई."

"बिबट्याशी इंग्रजीत बोलावं लागत नाही दादा," बाई म्हणाल्या, आणि पदरानं हात पुसून आत गेल्या.

साहेबांशी काय बोलायचं ते त्या कागदावर लिहून आणायच्या. कागद कायम पाठकोरा. कॅलेंडरची मागची बाजू, लग्नपत्रिकेची, औषधाच्या खोक्याची सुद्धा. पोरं त्यांना मागून पाठकोऱ्या बाईच म्हणायची. बाई जुन्नरच्या, कागदी घराण्यातल्या. त्यांच्या पणजोबांच्या वेळी घरात हातानं कागद बनायचा. "एक कागद करायला माणसं दिवसभर पाण्यात हात घालून उभी राहायची," त्या सांगायच्या, "आणि तुम्ही एका बाजूला चार ओळी लिहून फेकता." वर्गातली सगळी गणितं पाठकोऱ्यावर. पोरांना ताकीद दिलेली, ऑफिसातल्या रद्दीत पाठकोरा दिसला तर विचारून आणा. विचारल्याशिवाय नाही.

माझी सुनीता याच शाळेत नववीला गेली. तिचा वार मंगळवार, आणि ऑफिस आमच्याच कंपनीचं. माझी बायको शांता आधी तयार नव्हती. बाई घरी आल्या तेव्हा तिनं तोंडावर विचारलं, "बाई, माझी पोर तिथं झाडूच मारणार ना? खरं सांगा. झाडू मारायला मी हाय की."

बाईंचा चहा बशीत सांडला. म्हणाल्या, "झाडू हातात दिला तर तिनं मला सांगायचं. मी घाबरत घाबरत येईन, शांताबाई. पण येईन."

शांतानं तो चहा बदलून दिला. पोर पाठवली.

सुनीची पहिली चूक अशी, की साहेब समोरून गेले की ती उठून उभी राहायची. साहेब दिवसात चाळीस वेळा जायचे. फायली तशाच पडायच्या. साहेब वैतागले. बाई संध्याकाळी आमच्या खोलीवर आल्या आणि शांताला म्हणाल्या, "तुम्ही साहेब व्हा." शांतानं माझी वॉचमनची टोपी घातली आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. सुनी पेटीवर बसून लिहायची. उठायला लागली की बाई खांदा दाबायच्या. शेवटी शांता तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "बस की गं, मी जातेय मुतायला, उठतीस काय." बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. ती टोपीतली शांता मला अजून दिसते. आता दिसणारच, खोलीत दुसरं कोण आहे.

आता जे झालं ते सांगतो.

कंपनीतून कसलाही कागद चिठ्ठीशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा मला हुकूम होता. एका मंगळवारी सुनी सुटली. पिशवीत पाठकोऱ्यांचा गठ्ठा. "आप्पा, रद्दीत व्हते. बाईंनी इचारून न्यायला सांगितलंय. नेऊ का?" मी उलटेपालटे करून बघितले. एका बाजूला इंग्रजी, दुसरी बाजू कोरी. इंग्रजी मला येत नाही. आत जाऊन विचारावं तर साहेब खेकसणार. मी म्हणालो, "ने."

पुढं शाळेत कार्यक्रम होता. आमचे साहेब पाहुणे. भिंतीवर पोरांची चांगली गणितं लावलेली. पंखा लावला तसा सुनीचा कागद उचलला गेला, आणि साहेबांना मागची बाजू दिसली. एका मोठ्या गिऱ्हाइकाला द्यायचा भाव त्यावर होता, कंपनीच्या नावानिशी. साहेब भिंतीपाशी गेले. कागद काढला, घडी घातली, खिशात टाकला.

सुनीनं त्याच दिवशी बाईंना सगळं सांगितलं. गेटवर आप्पांना विचारलं, आप्पा ने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावणं आलं. आत ठरणार होतं ते एकच, सुनीची शाळा राहते का जाते. त्या दिवशीही बाई साडेनऊला आल्या. पाणी पुढं केलं तर नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "दादा, माझ्याबरोबर आत येता का?"

मी म्हणालो, "गेट सोडता येत न्हाई, बाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरोबर आहे," म्हणाल्या. "गेट सोडू नये."

आत काय झालं ते मला शिपायानं सांगितलं. पोरीला कागद कुणी नेऊ दिले, असं साहेबांनी तीनदा विचारलं. बाई तिन्ही वेळा म्हणाल्या, "मी सांगितलं होतं. तिनं मलाच विचारलं होतं." आवाज कापत होता, पण वाक्य बदललं नाही. साहेब म्हणाले, मुलगी राहू द्या, तुम्ही मात्र या कामावर दिसता कामा नये.

बाई बाहेर आल्या. मी गेटचं रजिस्टर पुढं केलं. जायची वेळ लिहायला त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला. "सुनीता मंगळवारी येईल," त्या म्हणाल्या. "बसून लिही म्हणावं."

घरी शांतानं विचारलं, "तुमी आत गेला न्हाई?"

"गेट व्हतं."

ती परातीकडं वळली. भाकरी थापत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईंच्या जागी एक सर यायला लागले. बरोबर दहाला यायचे, शीळ घालत. भीती अजिबात नाही. पोरींची नावंही त्यांना पाठ नव्हती. बाई शाळा सोडून जुन्नरला घरी शिकवण्या घ्यायला लागल्या. सुनी बारावी झाली, कॉलेज झालं, आता पुण्यात ऑफिसात आहे. तिच्यासमोरून कोणी गेलं तर ती बसलेली असते.

शांता दर ईदेला जुन्नरला बाईंकडं जायची. निघताना म्हणायची, "या की एकदा." मी म्हणायचो, ड्युटी आहे. रिटायर झालो तेव्हा गुडघे दुखतात म्हणालो. या वर्षी शांता वारली. बाई भेटायला आल्या, सुनीच्या हाताला धरून. त्यांना आता नीट दिसत नाही. आत येण्याआधी कितीतरी वेळ ओट्यावरच बसून राहिल्या. मी म्हणालो, "बाई, बाहेर का?" म्हणाल्या, "शांताबाई नसलेलं घर बघायची भीती वाटते दादा." आणि मग आत आल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि चहा घेता का विचारलं.

बाईंना सगळं माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. शांताला माहीत होतं. फक्त मी ते कधी तोंडानं म्हणालो नाही. म्हणून सुनीच्या ऑफिसातल्या पाठकोऱ्यांवर हे आठ दिवस लिहीत बसलो. सुनी म्हणते, मी वाचून दाखवते त्यांना. नको म्हणालो. ने म्हणालो होतो ते मी, वाचणार पण मीच.

जुन्नरची एस.टी. उद्या सकाळी नऊला आहे. भीती वाटते. मी साडेआठलाच स्टँडवर जाऊन बसणार.