खोटी गाठ बाद

तुमच्या पोरीला दोन रात्री तंबूत राहू द्यायचं म्हटलं की तुम्ही काय काय विचारता? सोबत कोण आहे, संडास कुठं, फोन लागतो का, पोरं किती. विचारा, विचारायलाच पाहिजे. पण आता दुसरा सवाल, ज्याचं उत्तर लोक खाली बघून देतात: तिच्या सोबतीला तुम्ही स्वतः कितीदा गेलात?

निजामुद्दीन सरांनी हा सवाल कुणाला तोंडावर विचारला नाही. तो त्यांचा स्वभावच नाही. म्हणून तो इथं विचारून ठेवला.

हे सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला एकतीस वर्षं काढलेला माणूस. ‘सर’ ही पदवी पोरांनी दिली. बजाजनगरात पाण्याच्या टाकीमागं जे मैदान आहे, तिथं दर रविवारी सकाळी सातला त्यांचं स्काउट-गाइडचं पथक भरतं. बावीस वर्षं झाली. कुठल्या शाळेचं नाही, कुठल्या पुढाऱ्याचं नाही. कामगारांची पोरं, गळ्यात स्कार्फ, भेटली की डाव्या हातानं हात मिळवणारी. स्काउटांची रीतच तशी.

सरांनी पहिल्या दिवशीच एक गोष्ट ठरवली होती. पथक मोठ्यांनी नाही, पोरांनी चालवायचं. पथकात पाच संघ. चार पोरांचे, एक पोरींचा. पाच संघनायक गोल करून बसतात आणि निर्णय घेतात, त्या बैठकीला मानसभा म्हणतात. सर गोलाच्या बाहेर, उलट्या बादलीवर. त्यांना मत नाही. मानसभेत ठरलं ते सरांनाही मोडता येत नाही. असं वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, खाली त्यांचीच सही.

मत द्यायची रीतही पथकाची स्वतःची. प्रत्येकाला हातभर दोरी. पाठ फिरवायची, ‘हो’ असेल तर रीफ नॉट मारायची, ‘नाही’ असेल तर दोरी मोकळी ठेवायची आणि सरांच्या टोपीत टाकायची. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर, झाली रीफ नॉट. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं की होते खोटी गाठ. दिसायला सख्खी बहीण, पण ताण आला की सरकते नाहीतर आवळून बसते. त्यावर वहीत नियम आहे: खोटी गाठ बाद.

यंदा गाडं अडलं ते पोरींवर. नाताळच्या सुट्टीत, सव्वीस ते अठ्ठावीस डिसेंबर, पाचोडच्या पुढं एका मोसंबीच्या बागेत शिबिर ठरलं होतं. पोरी न्यायच्या तर ट्रेनिंग झालेली एक बाई, गाइड कॅप्टन, सोबत पाहिजे. कॅप्टन नसेल तर परवानगीचा कागद पुढं सरकत नाही. इतकी वर्षं ही चिंता नव्हती, कारण कॅप्टन घरातलीच होती, सरांची बायको जोहरा. पण गेल्या पावसाळ्यात तिच्या मणक्यानं दगा दिला. कमरेला पट्टा लागला आणि डॉक्टरनं प्रवास बंद केला.

दोन महिने सर दारोदार फिरले. ओवी म्हणजे पोरींची संघनायक. तिची आई मोनिकाताई पॅकिंगला, दुसऱ्या पाळीत. ती म्हणाली, “सर, एक दिवस दांडी मारली तर ठेकेदार गेटवरच थांबवतो. सात दिवसांचं ट्रेनिंग कुठून आणू?” खोटं नव्हती बोलत. निशा मॅडम शाळेत शिकवतात. “ह्यांना विचारून सांगते,” म्हणाल्या. ह्यांनी अजून सांगितलेलं नाही. सोनिया झुंबाचे क्लास घेते, बायांनी कसं उडायला पाहिजे यावर रोज एक रील टाकते. तिनं विचारलं, “सर, तिथं रेंज येते का?” येत नाही म्हटल्यावर हसून दार लावलं.

तयार झाली एकच. भाजीवाली गोजरबाई.

“म्या येते की! पोरींकडं वाकडं बघंल त्याचे डोळेच काढते.”

“बाई, तुमचं वय सदुसष्ट. अन् फॉर्मवर शिक्षणाचा रकाना आहे. कागद नाय घेणार.”

“कागद रातीची राखण करतो व्हय?”

सर मेथीची जुडी घेऊन घरी आले.

मग नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी मानसभा बसली. पहिला बोलला विश्वजित. दहावीचा पोरगा, बाप कोर्टात कारकून, त्यांच्या ताटातसुद्धा कलमं वाढतात.

“सर, दोन महिने झाले, कॅप्टन मिळाली नाही. मुलींची नावं टाकली तर अख्खा अर्ज परत येईल. मग कुणीच जाणार नाही. मुलांनी काय गुन्हा केला?”

“मग थांबू ना,” ओवी म्हणाली. “जानेवारीत जाऊ. तोवर कुणीतरी मिळंल.”

“जानेवारीत दहावीची प्रिलिम आहे.”

“मी काय बालवाडीत आहे का? माझी पण दहावीच हाय.”

पोरं हसली. विश्वजितही हसला. “अगं पण तुला…”

“मला काय? पुढच्या वर्षी मी इथं नसणार. हे शिबिर नाय झालं तर गाइडच्या राज्य पुरस्काराची माझी फाइल इथंच बंद. चार वर्षांची फाइल. तुमचे तंबू उडले तवा दोऱ्या कोण आवळत होतं रे? तवा नाय विचारलं, तुझी कॅप्टन कुठाय.”

विश्वजित वाईट पोरगा नाही, हीच तर पंचाईत. त्याचं चूक असतं तर सरांना सोपं गेलं असतं.

ओवीचा ठराव मांडला: शिबिर जानेवारीत ढकलायचं, जायचं तर सगळ्यांनी. पाचात तीन गाठी पाहिजेत. पाठी फिरल्या, दोऱ्या टोपीत पडल्या. सरांनी एकेक काढून सतरंजीवर मांडली. मोकळी. गाठ. मोकळी. गाठ. पाचवी दोरी हातात आली आणि त्यांचा अंगठा तिथंच थांबला. गाठ होती, पण दोन्ही वेळा डावंच वर घेतलेली, टोकं आडवी फाकलेली. खोटी गाठ.

ती कुणाची तेही त्यांना कळलं. अख्ख्या मानसभेत डावखुरा एकच, वरद. सगळ्यात लहान, पहिल्यांदाच मत देणारा, घाई झाली की गडबडणारा. मत गुप्त असतं, पण बावीस वर्षं गाठी बघितलेल्या डोळ्यांपासून काय गुप्त राहणार?

“बाद,” विश्वजित हळूच म्हणाला.

“बाद कशी?” ओवी गुडघ्यांवर उठली. “ज्याला नाही म्हणायचं तो गाठ मारंलच कशाला? हातभर दोरी मोकळी टाकली असती ना! गाठ मारली म्हणजे हो म्हणलाय तो.”

“मग चुकलेली गाठ पण चालते असं लिहा वहीत. शिकायचंच कशाला?”

“आपण इथं पूल बांधतोय का?”

“नियम पुलापुरता लिहिलाय का? वाच.”

ओवीनं वहीकडं बघितलंच नाही. ती बादलीकडं वळली. “सर, बोला तुम्ही.”

“मला मत नाही, बेटा.”

“मत नाय मागत सर. तोंड मागते.”

आता हा माणूस का बोलला नाही ते ऐका, मग शिव्या घाला. चौदा वर्षांपूर्वी याच मैदानात दोन झाडांमध्ये दोरीचा पूल बांधला होता. हातानं धरायच्या दोरीची गाठ खोटी पडली होती. सरांनी ती बघितली होती. संध्याकाळ व्हायला आली होती, पोरं रांगेत ओरडत होती, आणि ते म्हणाले होते, “चलता है, चढो.” याह्या नावाचं तेरा वर्षांचं पोरगं चढलं. आज त्याचं चौकात वेल्डिंगचं दुकान आहे, एक पाय दीड इंच आखूड. सर दिसले की तो लांबूनच ओरडतो, “सर, उजवं डाव्यावर!” आणि मनापासून हसतो. त्याच्या मनात काही नाही. सर मात्र हल्ली त्या चौकातून जात नाहीत, मागच्या गल्लीनं वळसा घालतात. त्या पडण्यानंतरच्या रविवारी त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत ओळ लिहिली होती: खोटी गाठ बाद.

तोच हात आता ‘चालेल’ कसं म्हणणार? आणि ‘बाद’ म्हणावं तर सात पोरी बाद. वरदचं नाव घ्यावं तर गुप्त मत उघडं पडतं, उद्यापासून त्या दोऱ्यांवर कुणी भरवसा ठेवणार नाही. जिकडं पाय टाकावा तिकडं त्यांनीच ठोकलेली खुंटी.

“बाद,” सर म्हणाले.

वरदचा चेहरा पडला. “सर, ती माझी…”

“चूप! कुणाची ते सांगायचं नाही!”

बावीस वर्षांत सर मानसभेत पहिल्यांदा ओरडले. पोरं दचकली, ते स्वतःही दचकले. ओवी रडली नाही. तिनं ती दोरी उचलली आणि गाठ सोडवायला बसली. खोटी गाठ आवळलेली, नखानंही सुटेना. शिट्टी होईपर्यंत ती ओढत राहिली, मग दोरी तशीच गोणीत टाकून निघून गेली. डावा हात पुढं केला नाही.

घरी जोहरा पट्टा बांधून पलंगावर टेकून बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, “बाद म्हणालात?”

“म्हणालो.”

“ठीक केलंत. आणि पोरींना काय सांगितलंत?”

“काही नाही.”

“हे ठीक नाही केलं.”

“फिर क्या करता मैं, जोहरा? तूच सांग. जी गाठ चालवून पोराचा पाय मोडला…”

“मला न्या. मी येते.”

“पाचोडपर्यंतचा रस्ता झेपेल तुला?”

ती भिंतीला धरून उठली. एक पाऊल, दोन, तीन, चार. चौथ्याला भिंत संपली. सरांनी दंडाला धरून परत बसवलं.

“नाही झेपत,” ती म्हणाली. मग तोंड फिरवून, “वही आणा इकडं.”

तिनं चष्मा लावून ठराव वाचला. “शिबिर पुढं ढकलायचं नाही. एवढंच लिहिलंय ना? मुलींना न्यायचं नाही, असं कुठं ठरलंय?”

“कॅप्टन नाही म्हणजे तेच ठरलं.”

“अर्ज कधी द्यायचा?”

“अठरा तारखेला.”

“आणि ट्रेनिंग?”

“आठ ते चौदा.”

“मग सतरापर्यंत तुम्ही कोण नावं खोडणारे? तुम्हाला तर मतच नाही.”

सर पहिल्यांदा थोडं हसले. पण ते हसू टिकलं नाही. लपूनछपून नाही, दुपारी दीडच्या लख्ख उजेडात त्यांनी फॉर्मवर सातही पोरींची नावं पेन्सिलनं लिहिली. कॅप्टनचा रकाना कोरा ठेवला. ओवीला सांगावं तर पोरीला खोटी आस लागते. न सांगावं तर ती समजते, सरांनी आपल्याला सोडलं. त्यांनी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

परवाच्या रविवारी ओवी वेळेवर आली. नव्या पोरांना रीफ नॉट शिकवली, सरांकडं एकदाही बघितलं नाही. वरद तिच्या मागं मागं हिंडत होता. ती त्याला म्हणाली, “ए, माफी नको मागू. गाठ शीक.” त्याच संध्याकाळी सरांना एक फोन आला, विश्वजितच्या आईचा. पोरानं घरी येऊन तिला विचारलं होतं म्हणे, आई तू कॅप्टन होशील का? मैदानात त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. “सर, मला नाही हो जमणार,” एवढं सांगायला तिनं फोन केला होता. सरांनी त्या फोनवर तिचे आभार मानले. खरंच मानले. निदान तिनं फोन करून सांगितलं, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

या गल्ल्यांमध्ये पोरींनी काय घालावं, किती वाजता घरी यावं यावर भाषण ठोकणारे पन्नास निघतील. पोरं नियम पाळतात, पोरं भांडतात, पोरं दोरीवर मत देतात आणि हरलं तर हार मान्य करतात. एक पोरगी तर हरल्यावरही शिकवायला येते. अडलंय ते मोठ्या माणसांपाशी, एका बाईच्या नावापाशी.

तर बाई, हे तुम्ही वाचताय म्हणजे लिहिता-वाचता येतं हे उघड आहे. गाठी येत नसतील तर ओवी शिकवेल. आठ डिसेंबरपासून सात दिवस ट्रेनिंग, मग तीन दिवस आणि दोन रात्री मोसंबीच्या बागेत. आणि भाऊ, तुम्ही वाचत असाल तर बायकोला नुसतं ‘जा’ म्हणू नका. ते सात दिवस घर कोण बघणार ते आधी सांगा. या रविवारी, सकाळी सात वाजता, बजाजनगरात टाकीमागच्या मैदानात या आणि कॅप्टनच्या त्या कोऱ्या रकान्यात तुमचं नाव लिहा.