हाराखाली दोन सावल्या

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेकनूरच्या स्टँडवर चहावाल्याला, बिबट्याला चापट मारून मी कसा पळवला, ते सांगत होतो. "अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेत होते... वाटेतच गेला." बिबट्या तिथंच राहिला. चहा पायावर सांडला, आणि पाय भाजलाय हे घरी आल्यावर कळलं.

विलास लग्नाचे फोटो काढायचा. पण लग्नाला निघाला की वाटेत दहा ठिकाणी गाडी थांबवायचा. कुणी ढुंकून बघणार नाही ते त्याला दिसायचं... पंक्चरवाल्याच्या भिंतीवर उमटलेले काळे पंजे, ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारात लावलेल्या बोरीच्या काट्या. मागं बसून मी बोंबलायचो, "नवरदेव म्हातारा होईल बे!" एकदा आम्ही पोचलो, तर त्या जोडप्याच्या पोराचं बारसं चाललं होतं!

माझा एकट्याचा फोटो मात्र मी कधी काढू दिला नाही. आमच्याकडं एकट्या माणसाचा फोटो मोठा करतात तो हार घालायलाच. बिबट्याला न भिणारा मी, कॅमेरा वळला की म्हशीमागं दडायचो.

मागच्या हिवाळ्यात चकलांब्याच्या वाटेवर एक पडीक विहीर दिसली. उन्हं कलली होती. समोरच्या काठावर दोरांनी दगडात पाडलेल्या खाचा त्याला हव्या होत्या. तो कमरेपर्यंत आत वाकला. मी त्याचा दंड धरला.

"खाली पाताळ हाय विल्या, माघारी ये!"

"पाताळाचाबी काढतो. तू घट्ट धर. हालू नको."

तो गेल्यावर हार घालायला फोटो शोधला, तर त्याचा स्वतःचा एकही नाही. शेवटी शोभावहिनींना, त्याच्या बायकोला, तो विहिरीचा सापडला. खाचांच्या खाली, दगडी भिंतीवर आमच्या दोन सावल्या. वहिनींनी तोच मोठा करून भिंतीला लावला. हार दोघांवर. मी जिताजागता, आणि मला हार!

तेव्हापासून मान आवळल्यासारखी वाटते. रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजतो. शेवटी गेलोच.

"वहिनी, माझी सावली तेवढी कापू का?"

त्यांनी फोटो भिंतीवरून उतरवून कात्रीसकट माझ्यापुढं ठेवला. "कापा भावजी. कुठून कापायचं ते तुमीच बघा."

बघितलं. दोन सावल्यांच्या मधे माझा हात होता, त्याच्या दंडाला धरलेला...

कात्री तशीच राहिली. आता हार सुकला की वहिनी मलाच बदलायला लावतात. भ्या वाटतंच, लई वाटतं. हार चढवताना माझे हात लटलट कापतात. फोटोतला तेवढा हालत न्हाई.