एका घमेल्यातले जंतू

कामाशिवाय मजुरी ही गोष्ट लालसिंगला कधी पचली नाही. वणीच्या मालधक्क्यावर त्याने हयातभर कोळसा भरला. गाडी भरली की तो खाली उतरे. भरलेल्या गाडीवर फावडं मारणाऱ्याला तो मूर्ख समजे.

म्हणून पायाच्या जखमेचा ठणका थांबला त्या दिवशी त्याने गोळ्याही थांबवल्या. काम झालं होतं. उरलेल्या गोळ्या त्याने शेजारच्या उकंडाला दिल्या. उकंडा कापसाच्या जिनिंगमधला जुना हमाल. त्याच्या टाचेत काटा मोडून पिकलं होतं. संध्याकाळी दोघे एकाच घमेल्यात कढत पाण्यात पाय सोडून बसत.

पुढे दोघांच्याही जखमा चिघळल्या आणि दोघेही दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवर आले.

डॉक्टर उज्ज्वला तपासणीचा कागद घेऊन आल्या. "काका, तुमच्या जखमेतला जंतू वेगळा, उकंडाकाकांचा वेगळ्या जातीचा. पण दोघांवरही त्या गोळ्या चालत नाहीत. एकानं दुसऱ्याला शिकवलंय."

"शिकवलं म्हंजे?"

"जंतू एकमेकांना चिकटतात. औषधाला पुरून उरायचं कसब ज्यात असतं, ती जनुकांची बारीक कडी दुसऱ्याला देतात. जात वेगळी असली तरी चालतं. अर्धवट गोळ्यांनी लेचेपेचे मेले, चिवट उरले आणि वाटत सुटले."

लालसिंग पाय विसरला. "शिकाले किती वेळ लागते?"

"फार नाही. चहा निवेपर्यंत होतं कधीकधी."

"डोक्यावर कोळशाची पाटी तोलाले शिकता शिकता माही मान मोडली. अन् हे बसल्या जागी शिकते?"

उकंडा कुशीवर वळला. "तुह्याच जंतूनं शिकवलं असंन. गोळ्या तुह्याच होत्या."

"माहे जंतू फुकट शिकवत नाहीत. अन् ते आमच्या बंजारा तांड्यातले, गोरबोली बोलणारे. तुह्या जंतूले समजलं कसं?"

"माहे हुशार असतीन."

"त्यांना भाषा लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आता एकच औषध उरलंय, सुईतून. दोघांनीही पूर्ण घ्यायचं. मध्येच सोडलं तर घोट्यापासून पाय काढावा लागेल."

"ऐकलं नं?" उशाशी बसलेली लालसिंगची बायको सुखीबाई म्हणाली.

काही दिवसांत ठणका गेला, जखम कोरडी पडली. लालसिंगची झोप उडाली. सिस्टर सुई घेऊन आली तसा त्याने हात पांघरुणात ओढला.

"कायले? आत कोणी काम करून नाही राह्यलं. औषधाचे मजूर सारे रिकामे उभे असतीन."

"असू दे उभे," उकंडा म्हणाला. "एखादा जंतू दडून बसला असंन तर?"

"मी मुकादम असतो तर हाकलून देल्लं असतं."

"तू मुकादम नाहीस. तू गाडी आहेस."

सुखीबाईने तोंडाला पदर लावला. लालसिंगने आपल्या पायाकडे बघितलं. मग त्याने हात बाहेर काढला, दुसऱ्या हाताने डोळे झाकले. रिकाम्या मजुरांना मजुरी देताना बघवलं नसतं.

तो दवाखान्यातून सुट्टी मिळेपर्यंत रोज असाच डोळे झाकून हात देत राहिला. पाय वाचला. दोघे मित्र आपापल्या पायांनी फाटकापर्यंत चालत गेले. मात्र लालसिंग चार हात दूर चालत होता. कोण कोणाला न सांगता काय शिकवील, याचा त्याला भरवसा उरला नव्हता.