खजुराच्या बिया

मेंढ्यांना काहीही घालण्याआधी काका त्यातली चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकायचे. डोळे मिटून चावायचे आणि म्हणायचे, “आधी मी, मंग ते.” तुम्ही कधी सरकीच्या ढेपेची चव घेतली आहे का? मी त्यांच्या आग्रहाखातर घेतली आहे. पुन्हा घेणार नाही.

कळंबला आमच्या घरामागे त्यांचं घर. कचेरीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा पुण्यात. मागच्या अंगणात पत्र्याचं शेड आणि त्यात दहा-बारा मेंढे. लहान आणायचे, जागेवरच खाऊ घालून वाढवायचे आणि बकरी ईदच्या आधी विकायचे.

ढेप महागली आणि काकांनी कुठंतरी वाचलं, की खजुराच्या बियाही मेंढ्यांना चालतात. झालं! संकष्टीच्या उपासाला घरोघरी खजूर खाल्ला जायचा, की दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन दारोदार. “बिया फेकू नका बरं, मले लागतात.” रमजानमध्ये तर मशिदीमागच्या गल्लीत घरोघरी त्यांच्यासाठी वेगळं डबडं ठेवलेलं असायचं. मूठभर बिया घ्यायला कितीसा वेळ लागतो? काका तासभर बसायचे. ते त्या तासासाठीच येतात हे सगळ्यांना कळायचं, पण कोणी बोलून दाखवलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी बिया अख्ख्याच घातल्या. सकाळी पाहतो तर मेंढ्यांनी रात्रभर रवंथ करून त्या चकचकीत करून थुंकलेल्या. काका मला म्हणाले, “पाहा मास्तर, धुऊन वापस केल्या!” गिरणीवाल्यानं तर हातच जोडले, “काका, माही गिरनी फुटन.” शेवटी बिया भिजवून लोखंडी खलात कुटायचं ठरलं. रोज दुपारी ठकठक. माझी झोप गेली ती गेलीच. पण डाळीच्या चुणीत मिसळलेला तो भरडा गव्हाणीत उरेनासा झाला आणि मेंढे चांगले अंगानं भरले.

मुलानं बजावून ठेवलं होतं, ही खेप गेली की शेड बंद करा आणि पुण्याला या. काकांना जायचं नव्हतं. “तिथं मले कोन वळखते? लिफ्टमंदी बी कोनी बोलत नाही.” एक मेंढा जरी राहिला तरी शेड बंद होत नाही, असा त्यांचा साधा विचार होता.

व्यापारी आला. त्याला सगळेच पसंत पडले. एका काळ्या कानाच्या मेंढ्याचा दोर काकांनी हातात धरून ठेवला. “हा राहू द्या.”

“ठेवा नं काका,” व्यापारी म्हणाला. “पन एकटा राह्यला तर खानार नाही. मेंढराले सोबत लागते. वरडू वरडू वाळून जाईन.”

काकांनी त्या मेंढ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग दोर व्यापाऱ्याच्या हातात दिला. “न्या. त्याले कायले तसं ठेवू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ठकठक ऐकू आली. मी धावतच गेलो. रिकाम्या शेडमध्ये काका बिया कुटत बसले होते.

“काका, आता कोणासाठी?”

“भिजवून ठेवल्या होत्या नं.” त्यांनी चिमूट तोंडात टाकली. “आधी मी,” म्हणाले आणि पुढचं म्हणालेच नाहीत.

त्या रविवारी मुलगा त्यांना घेऊन गेला. दुपारी आता कसलाच आवाज नसतो, पण मला झोप येत नाही.

परवा मुलाचा फोन आला होता. म्हणाला, “बाबांना डॉक्टरांना दाखवलं, काही दुखणं नाही म्हणतात. आम्ही दोघं दिवसभर कामावर असतो. ताट झाकून ठेवून जातो. संध्याकाळी येऊन पाहतो तर ते तसंच असतं.”