एकाच फ्लॅटमधल्या दोन सुना

त्या बँकेचं नाव काढलं तरी मला शिसारी येते. मेली मुलुंडला आमच्या सोसायटीपासून चार पावलांवर आहे, पण हल्ली मी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथने भाजीला जाते.

माझी सून पोलंडची. मुलगा तिकडे नोकरीला होता, तिथेच जमलं, लग्न इथे येऊन केलं. पुढे आमच्या ह्यांची बायपास झाली, तेव्हा मुलगा म्हणाला, आता आम्ही मुलुंडलाच येतो. सूनही तयार झाली, पण एक गोष्ट तिने आधीच सांगून टाकली. "आई, मी राहीन. पण घरी बसून नाही राहणार." मला तर आवडलंच. मी स्वतः जन्मभर शाळेत शिकवलं, घरी बसायची शिक्षा कुणाला देऊ नये. अंधेरीच्या एका कंपनीत तिला भाषांतराचं काम मिळालंसुद्धा. व्हिसा, कामाची परवानगी, सगळं झालं होतं. फक्त पगारासाठी पुढच्या महिन्याच्या आत तिच्या स्वतःच्या नावाचं इथलं खातं हवं होतं.

बँक म्हणाली, पत्त्याचा पुरावा आणा. फ्लॅट ह्यांच्या नावावर, लाइट बिल ह्यांच्या नावावर. नव्याने आलेल्या पोरीच्या नावावर काय असणार, कप्पाळ? मग म्हणाले, सोसायटीचं पत्र चालेल.

आमचे सेक्रेटरी म्हणजे देवमाणूस. लग्नाला सहकुटुंब जेवून गेलेले. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात ना, तसं माझ्या नणंदेने हौसेने हिचंही बदललं होतं. त्या दिवसानंतर ते नाव घरात कुणी उच्चारलं नाही, नणंदेनेसुद्धा नाही. पण सेक्रेटरींच्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं. त्यांनी लेटरहेडवर झकास टाइप केलं: सौ. अमुकतमुक, मधे नवऱ्याचं नाव, शेवटी आमचं आडनाव. शिक्का मारला, पाकीट चिकटवलं, आणि मुलगा ऑफिसला जाता जाता ते तसंच बँकेत देऊन आला.

दुसऱ्या दिवशी मी सुनेबरोबर गेले. काउंटरवरच्या साहेबाने पासपोर्ट बघितला, पत्र बघितलं.

"ही बाई वेगळी आहे."

"अहो, वेगळी कशी? ही काय समोर बसलीय!"

"कागदावर वेगळी आहे, मॅडम."

सेक्रेटरींनी कान पकडले आणि लगेच दुसरं पत्र दिलं, पासपोर्टवरच्या नावाचं. वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! पहिलं पत्र कॉम्प्युटरमध्ये चढलेलं. आता त्यांच्या हेड ऑफिसला प्रश्न पडला, एकाच फ्लॅटमध्ये दोन सुना कशा? आणि हा साहेब मला विचारतो, "दुसऱ्या मॅडम कुठे असतात?" अरे, मला मुलगा एक! जिवंत माणूस समोर बसलंय आणि हे कागदाला विचारतायत. इतकी किळस आली मला, काय सांगू.

मग अ‍ॅफिडेव्हिट करा म्हणाले, की ही बाई आणि ती बाई एकच. नोटरीच्या टपरीवजा ऑफिसात मी सुनेला समजावत होते आणि माझीच जीभ अडखळत होती.

"म्हणजे शपथ घेऊन सांगायचं, की मी ती आहे?" तिने विचारलं. "पण आई, मी ती कधीच नव्हते."

तिने सही केली.

अ‍ॅफिडेव्हिट बघून साहेब म्हणतो कसा, "हे वर पाठवावं लागेल. त्यापेक्षा सोपं सांगू? पगार मिस्टरांच्या खात्यात घ्या ना. घरातच राहतो पैसा."

"तुमचा पगार जातो का हो मिसेसच्या खात्यात?" मी एवढ्या मोठ्याने विचारलं की मागची लाइन हसली. साहेब हसला नाही. फाइल वर गेली ती तिकडेच मुरत पडली. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण ही बँक तर सरकारीसुद्धा नव्हती. कंपनी थोडे दिवस थांबली, मग त्यांनी दुसरी मुलगी घेतली.

त्यानंतर खातं उघडलं. तिच्या फोनवर बँकेचा मेसेज आला, अभिनंदन म्हणून. वाचून तिने फोन उलटा ठेवला आणि मटार सोलत राहिली.

"दुसरी नोकरी मिळेल गं," मी म्हटलं.

"मिळेल, आई. मग परत कुणीतरी विचारेल, दुसरी कुठे आहे." पुढची शेंग फोडत म्हणाली, "आम्ही परत जायचं ठरवलंय."

हे शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. मला थांब म्हणायचं होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार? तिने हात पुसले, ह्यांच्या गोळ्यांचा डबा आणला आणि माझ्यासमोर उघडला. इतके दिवस ती भरायची. सकाळची कुठली, जेवणानंतरची कुठली, कुठली अर्धी तोडून द्यायची, सगळं मला एकेक दाखवत गेली. "आता तुम्ही सांगा," म्हणाली. मला पहिलीच चुकली.